चालू काळाची भिंत

हा सगळा गुन्हा तुमचा आहे. तुमचा म्हणजे कुणाचा, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. वरच्या कार्यालयात गुबगुबीत खुर्चीत बसून 'अध्यापन होत असताना दिसले पाहिजे' असा एका ओळीचा हुकूम ज्यांनी खाली ढकलला, त्यांचा. ती ओळ लिहायला तुम्हाला अर्धा कप चहा पुरला असेल. पण ती खाली येऊन आपटेपर्यंत तिची भिंत झाली होती. खरीखुरी, विटांची, सिमेंटची. आणि ज्याच्या छाताडावर ती उभी राहिली, तो माणूस तुमच्या हिशेबात अजून धड माणूससुद्धा नाही.

त्या माणसाला कॉलेजात सगळे टेंपो सर म्हणत. टेंपो चालवायचे म्हणून नव्हे, ते इंग्रजी शिकवायचे. पण नेमणूक टेंपररी, आणि मुलांची जीभ आळशी, म्हणून टेंपो. वर्षांमागून वर्षं गेली, मुलं शिकून नोकरीला लागली, त्यातली दोघं-तिघं तर याच कॉलेजात कायम होऊन सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. सर मात्र छत्रीसारखे. गरज लागली की उघडायची, गरज सरली की मिटून कोपऱ्यात.

या खेपेला तपासणी समिती येणार होती, आणि समितीच्या मनात आलं तर टेंपो सर कायम होणार होते. मनात नाही आलं, तर पुढच्या खेपेपर्यंत त्यांचं वय अटीच्या पलीकडे जाणार होतं. म्हणजे मग मरेपर्यंत टेंपोच. रीत अशी, की आधी समितीसमोर पाठ द्यायचा, आणि मग विभागप्रमुखाने समितीच्या तोंडावर, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, "हा माणूस आम्हाला हवा." लेखी चालत नाही. लेखी शिफारशींवर तुमचा विश्वास नाही म्हणे. कसा असेल? त्या कशा लिहिल्या जातात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुमची ती ओळ आली तेव्हा सगळ्या विभागांची गाळण उडाली. टेंपो सरांच्या मात्र अंगावर रोमांच आले. 'होत असताना दिसलं पाहिजे' हा तर त्यांचाच विषय! कुणी न शिकवता, वाचनालयात धूळ खात पडलेली पुस्तकं उलथीपालथी करून, इंग्रजी भाषा 'होत आहे' म्हणायला कशी शिकली, हे त्यांनी स्वतःच्या जिवावर शोधलं होतं. ते विभागप्रमुखांकडे गेले. विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. देह प्रशस्त, झोप त्याहून प्रशस्त.

"सर, आज इंग्रजीत 'मी जातोय' म्हणायला ठरलेला साचा आहे. पण हजार वर्षांपूर्वी त्याच्यावाचून कुणाचं फारसं अडत नव्हतं. लढाईच्या गोष्टीत वगैरे कुठे कुठे यायचा, आणि आजच्या 'इंग'च्या जागी 'एन्दे' असं शेपूट असायचं. मग काही जाणकार म्हणतात, माणूस 'ऑन हंटिंग' असायचा. शिकारीवर! आपण नाही का म्हणत, कामावर आहे म्हणून? ते 'ऑन' बोलून बोलून झिजलं, नुसतं 'अ' राहिलं, 'अ-हंटिंग', आणि एक दिवस तेही गळून पडलं. आपल्या 'येत आहे'चं नाही का 'येतोय' झालं?"

"मुद्द्यावर या," मोठे सर जांभई देत म्हणाले.

"मुद्दा घराचा आहे, सर. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी घराचं काम चालू असलं की इंग्रज म्हणायचा, 'द हाउस इज बिल्डिंग.' घर बांधतंय."

"कुणाला बांधतंय?"

"कुणाला नाही, सर. बांधलं जातंय, असा अर्थ. मग लोक 'इज बीइंग बिल्ट' म्हणायला लागले, आणि पंडितांच्या पायाखाली विंचू निघाला! ओंगळ आहे, अडाणी आहे, भाषा बुडाली! जवळजवळ शंभर वर्षं आरडाओरडा चालला होता. आणि लोक आपले निवांत बोलत राहिले. आज तेच ओंगळ रूप आपण परीक्षेत विचारतो, आणि पोराने जुनं लिहिलं तर गुण कापतो."

मोठ्या सरांनी पोटावर हात ठेवून विचार केला. "बरं आहे. पण यात दिसणार काय? समितीला काहीतरी होत असताना दिसायला हवं."

"त्याचीच योजना केलीय. व्हरांड्यात तीन जागा. पहिल्या जागी दोन मुलं लाकडी तलवारींनी लढत असतील. दुसऱ्या जागी एक मुलगी धनुष्य घेऊन शिकारीवर असेल. आणि तिसऱ्या जागी भिंत. समिती येईल तेव्हा ती बांधली जात असेल. सुरुवात झालेली, पण पुरी न झालेली. पुठ्ठ्याच्या विटा करू."

"पुठ्ठा नको!" मोठे सर एकदम जागे झाले. "गेल्या खेपेला भूगोलवाल्यांनी पुठ्ठ्याचा ज्वालामुखी केला, त्यावर 'बनावट' असा शेरा बसला. खरी भिंत बांधा. तुमचा तो मेहुणा गवंडी आहे ना?"

मेहुणा गवंडी होता. नुसता गवंडी नव्हे, गवंड्यांतला हट्टी गवंडी. शिवाय बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे त्याला नीट बोलायची सोय नाही आणि नीट न बोलायची तर त्याहून नाही. सर घरी गेले, तर बायकोने भावाला आधीच बोलावून बसवलं होतं.

"दादा, उद्या माझ्या जन्माचा फैसला आहे," टेंपो सर म्हणाले. "एक भिंत बांधायचीय."

"किती उंच?"

"उंचीचा प्रश्न नाही. ती बांधली जात असली पाहिजे."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने कपाळाला हात लावला. "अरे, ते शिकवण्याचं आहे त्यांचं. तू तुझं काम कर."

"तसं नाही गं. दाजी, मला नीट सांगा. भिंत कशासाठी हवी?"

"बघायला."

"बघायला भिंत?" मेहुण्याने कपातला उरलेला चहा एका दमात संपवला. "बरं. थांबायचं कधी?"

आणि इथे सरांच्या तोंडून ते वाक्य गेलं. आयुष्यभर ज्यांनी काळ शिकवला, त्यांनाच आपण काय बोलून बसलो याचा पत्ता लागला नाही. ते म्हणाले, "समिती येईपर्यंत तुमचा हात थांबता कामा नये. काम चालू दिसलं पाहिजे, एवढंच बघा."

"त्याची काळजी सोडा," मेहुणा म्हणाला. "आपला हात आजवर कुणी थांबवलेला नाही."

समिती दहाला येणार होती. सकाळीच मेहुणा विटा, सिमेंट, वाळू आणि घमेलं घेऊन हजर झाला आणि व्हरांड्यात ओळंबा लोंबवत जागा शोधू लागला. मोकळ्यावर भिंत घ्यायला त्याने साफ नकार दिला. "एवढी पोरं धावणार इथून. कुणाच्या अंगावर पडली तर? भिंतीला दोन्हीकडून आधार पाहिजे."

शोधता शोधता एक दार सापडलं. मोठ्या सरांच्या खोलीचं व्हरांड्याकडचं दार. ते आतल्या बाजूला उघडायचं आणि बहुधा बंदच असायचं, कारण मोठे सर स्टाफरूममधून, आतल्या दाराने ये-जा करत. चौकटीच्या दोन्ही अंगांना जाड भिंत. मेहुण्याने चौकटीवर थाप मारली. "हे झकास. इथेच घेतो."

आता कॉलेजची एक खोड ऐका. समिती येणार म्हटलं की कॉलेज सुधारत नाही, लपवतं. आदल्या दिवशी शिपायाने साऱ्या कॉलेजची मोडकी बाकं, पाय तुटलेल्या खुर्च्या आणि कुबड आलेली कपाटं गोळा करून स्टाफरूममध्ये छतापर्यंत रचली होती. त्या ढिगाच्या मागे मोठ्या सरांचं आतलं दार कधीच गडप झालं होतं. त्यामुळे मोठे सर आले ते व्हरांड्यातून. तोवर भिंत गुडघ्याइतकी झाली होती. मोठ्या सरांनी धोतर सावरावं तशी विजार वर ओढली, भिंत ओलांडली आणि दार ढकलून आत गेले.

"छान चाललंय," ते वळून टेंपो सरांना म्हणाले. "समिती फाटकाशी आली की मला हाक मारा. तोवर मी तुमच्या शिफारशीचं भाषण मनात घोळवतो." आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं घोळवणं थोड्याच वेळात व्हरांड्यात ऐकू येऊ लागलं. आधी मध्यम, मग खर्जात.

इतक्यात प्राचार्यांचा निरोप आला. पुष्पगुच्छ घेऊन फाटकाशी टेंपो सरांनी उभं राहायचं. का? तर कायम मंडळींना उन्हाचा त्रास होतो.

सर फाटकाशी उभे राहिले. दहा वाजून गेले. अकरा वाजून गेले. पुष्पगुच्छातली फुलं मान टाकू लागली. मधेच बायकोचा फोन आला.

"झालात का कायम?"

"अजून समितीच आली नाहीये."

"घाम आलाय ना तुम्हाला? आवाजावरून कळतंय. पुसा आधी. आणि त्या मोठ्या सरांच्या मागे मागे राहा. आज त्यांच्या तोंडातून एक वाक्य बाहेर पडलं की झालं. ते कुठे आहेत?"

"खोलीत. भाषण घोळवताहेत."

"बघा हं, झोपतात ते."

फोन ठेवेस्तोवर शिपाई धावत आला. "सर, तलवारवाली पोरं खरंच भांडायला लागली. एकाच्या बोटाला लागलं, दुसरा म्हणतो मीच जिंकलो."

"जिंकायचं नाहीये रे! लढत राहायचंय! सांग त्यांना!"

"सांगतो. पण दोघंही दमलेत. शिकारीवाली मुलगीही कंटाळलीय, चहाला जाऊ का विचारते. तुमचा मेव्हणा मात्र एक नंबर माणूस. भिंत काय मस्त चढतेय!"

"कुठवर चढलीय?"

"छातीपर्यंत."

"त्याला म्हणावं, हळू घे."

शिपाई गेला आणि उत्तर घेऊन परत आला. "ते म्हणतात, माल कालवलाय, तो दगड व्हायच्या आत संपवायला हवा. आणि हळू म्हणजे काय करायचं? वीट काय मांडीवर घेऊन थोपटायची?"

"मग माल कालवू नको म्हणावं!"

शिपाई गेला, आला. "ते म्हणतात, दाजींनीच सांगितलंय हात थांबता कामा नये. माल नाही कालवला तर हात काय हवेत फिरवायचा? आणि सर, आता कपाळापर्यंत आलीय."

कुणाच्या कपाळापर्यंत, असं विचारायला सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना एकदम आठवलं. दाराच्या आत कोण आहे ते. शिफारस आत आहे! त्यांचं उरलेलं आयुष्य त्या चौकटीच्या आत घोरत पडलंय, आणि बाहेरून त्याला मेहुणा बुजवतोय! पुष्पगुच्छ शिपायाच्या हातात कोंबून ते धावत सुटले. कॉलेजात आजवर टेंपो सर धावताना कुणी पाहिले नव्हते. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

व्हरांड्यात शिरले तर मेहुणा स्टुलावरून खाली उतरत होता. थापी पुसत दोन पावलं मागे सरकून तो भिंतीकडे असा पाहत होता, जशी आई न्हाऊन माखून निघालेल्या लेकराकडे पाहते. भिंत चौकटीच्या माथ्याला टेकली होती. अगदी वर, एका विटेएवढी फट तेवढी उरली होती.

"दादा! हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलं ते. बघा, ओळंबा लावून बघा. केसाचा फरक सापडला तर नाव बदलीन."

"आत मोठे सर आहेत!"

मेहुण्याने मान हलवली. "मघाशी कुणीतरी गेलं खरं. मला वाटलं, दुसरीकडून वाट असेल. खोली म्हटली की माणूस एका दाराने येतो, एका दाराने जातो. म्हणून तर हवेला ती फट ठेवली, नाहीतर तीही भरणार होतो."

"पाडा ती! आत्ताच्या आत्ता पाडा!"

मेहुण्याचा चेहरा दगडासारखा झाला. "दाजी, तुम्ही बहिणीचे मालक, म्हणून ऐकून घेतलं. आपल्या हाताने उभं केलेलं आपल्या हाताने पाडायचं नाही. आमच्या बापाने नाही पाडलं, बापाच्या बापाने नाही पाडलं. वाकडं बांधलं असतं तर गोष्ट वेगळी. सरळ भिंत पाडायची म्हणजे पाप आहे."

"मग मी पाडतो!" सरांनी त्याच्या पिशवीतला हातोडा उचलला. पहिला घाव घातला तो अंगठ्यावर बसला. भिंतीला काही झालं नाही. अंगठा तोंडात धरून सर उभे असताना आतून दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. बहुधा आतला माणूस आपण जागे आहोत की झोपेत, याचा निवाडा करत असावा. मग वरच्या फटीतून मोठ्या सरांचा आवाज आला. खुर्चीवर चढले असावेत.

"कोण आहे तिकडे? माझं दार कुठे गेलं?"

"सर, मी आहे. थोडी गडबड झालीय. दोन मिनिटांत..."

"समिती आली?"

"अजून नाही, सर."

"मग ऐका." आवाज एकदम खाली आला. "मी कामाच्या वेळी झोपलो होतो आणि मला भिंतीत चिणलं, हे जर बाहेर कुणाला कळलं, तर तुमची शिफारस विसरायची. समजलं?"

"समजलं, सर. पण तुम्ही बाहेर आल्याशिवाय शिफारस करणार कोण?"

"ते तुम्ही बघा. मी नाही बांधलीय भिंत."

प्राचार्य धावत आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग टेंपो सरांकडे, मग आकाशाकडे. "स्टाफरूममधला ढीग उपसा! आतल्या दाराने काढा त्यांना!"

"उपसतो," शिपाई म्हणाला. "पण साहेब, उपसून ठेवू कुठे? ठेवायला व्हरांडाच आहे."

"व्हरांड्यात? समिती व्हरांड्यातून येणार! तो कचरा त्यांना दाखवायचा?"

"मग भिंत फोडायला दुसरा माणूस आणतो," सर रडवेले होऊन म्हणाले.

"माझ्यासमोर?" मेहुणा म्हणाला. "आणा. बघू कोण हात लावतो."

आणि फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष म्हणून एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, चेहऱ्यावर कुणाचंच काही पटत नसल्याचे भाव. दुसरे इमारतीचे जाणकार, ते येता येता प्रत्येक खांबाला टिचकी मारत होते. तिसरे चहापुरते आले होते.

बाई व्हरांड्यात थांबल्या. लढणारी दोन्ही मुलं खांबाला पाठ लावून, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. शिकारीच्या जागी नुसतं धनुष्य पडलं होतं, शिकारी चहाला गेली होती. भिंत पुरी झाली होती.

"होत असताना काय आहे इथे?" बाईंनी विचारलं. "मला तर सगळं होऊन गेलेलं दिसतंय."

सरांचा अंगठा ठणकत होता. आयुष्यातली एकुलती एक संधी डोळ्यांसमोरून चाललेली पाहून मात्र त्यांना कुठून कोण जाणे, बळ आलं. "तेच तर, बाई," ते म्हणाले. "चालू असलेली गोष्ट मुठीत धरता येत नाही. म्हणून तर इंग्रजीला ती पकडायला एवढी शतकं लागली."

आणि ते बोलू लागले. लढाईतलं ते जुनं शेपूट, शिकारीवरचा माणूस, झिजून गळालेलं 'ऑन'. मग ते भिंतीशी आले. "ही आमची भिंत. माझे हे मेहुणे मघाशी काय म्हणाले असतील? 'भिंत चढतेय.' आता भिंत कुठे चढते? तिला काय पाय आहेत? चढवतात ते, पण चढते भिंत. जुना इंग्रज अगदी असंच म्हणायचा, 'द हाउस इज बिल्डिंग.' आणि लोकांनी 'इज बीइंग बिल्ट' काढलं तेव्हा मोठमोठे विद्वान छाती बडवायला लागले. एका वाक्यात 'असणे' दोनदा? असं कुठे असतं? असं बोलणं शोभतं का? त्या विद्वानांनी भाषेच्या दारात भिंत घालायला घेतली, बाई. पण लोक काय दाराने येतात? लोक बोलतात, आणि बोलता बोलता पलीकडे गेलेले असतात."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. चहापुरते आलेले कप खाली ठेवून ऐकू लागले. झोपलेल्या मुलांतल्या एकाने डोळा उघडला.

"आणि आज?" बाईंनी विचारलं.

"आज पुन्हा तेच. व्याकरण सांगतं, आवडण्याला, कळण्याला 'इंग' लावू नका. ती काय थोडीच चालू असलेली कामं आहेत? आणि पोरं लावतात! मीसुद्धा लाल शाईने कापतो, बाई. कापताना वाटतं, आणखी शंभर वर्षांनी माझंच हसं होणार आहे."

बाई हसल्या. त्या हसू शकतात हे त्यांच्या सोबतच्यांनाही नवीन असावं, कारण ते दोघं दचकले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शिकवताना पाहिलं," त्या म्हणाल्या. "माझं समाधान आहे. आता फक्त विभागप्रमुखांची शिफारस. कुठे आहेत ते?"

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी बुटांकडे पाहिलं.

"जवळच आहेत," प्राचार्य म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.

"मग बोलवा. एक वाक्य तर हवंय."

सरांनी वर फटीकडे पाहिलं. फटीत काहीतरी हललं. मोठे सर खुर्चीवर उभे राहून सगळं ऐकत होते, यात शंका नव्हती. सर मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "सरांच्या कानावर आपलं बोलणं गेलं असतं, तर सर नक्की बोलले असते. एकच वाक्य. हा माणूस आम्हाला हवा, एवढंच."

भिंत गप्प.

सरांचं तोंड पांढरं पडलं. ते बघून मेहुण्याला राहवलं नाही. बहिणीचा संसार डोळ्यांदेखत बुडत होता. त्याने भिंतीवर थापी आपटली. "अहो, बोला की हो!"

"कुणाला म्हणताय?" बाईंनी विचारलं.

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. दाजी डोळ्यांनी 'नको, नको' करत होते. "भिंतीला," मेहुणा म्हणाला. "नवी भिंत अबोल असते. जरा बोलतं करावं लागतं."

इतक्यात भिंतीआडून शिंक आली. मोठी, प्रशस्त.

"हे काय?"

"ओली आहे, बाई," मेहुणा शांतपणे म्हणाला. "गार हवा बाधते."

बाईंनी चष्मा काढला. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. "विभागप्रमुख हजर नाहीत. शिफारस नाही. मला वाईट वाटतं, सर, पण नियमाला तोंडी शिफारसच लागते." आणि त्यांनी इमारतवाल्यांना खूण केली. "तुमचं काही?"

इमारतवाल्यांनी भिंतीला टिचकी मारली, ओळंबा लावला, एक डोळा मिटून पाहिलं. मेहुण्याची छाती फुगली. "बांधकाम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण नकाशात नाही. प्राचार्य, हे तात्पुरतं आहे का? तात्पुरत्या बांधकामाला परवानगी नाही. कुणी केलं त्याच्यावर कारवाई होईल."

प्राचार्यांच्या कपाळावर घाम फुटला. "छे! छे! तात्पुरतं कसं असेल? कायम आहे. कायमच!"

"मग हरकत नाही. कायम म्हणून नोंदवून घेतो. आता वरून हुकूम आल्याशिवाय हिला कुणी हात लावायचा नाही."

"आणि मी?" टेंपो सर म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की तो भिंतीआडूनच आल्यासारखा वाटला.

"तुम्ही सध्या आहात तसेच," बाई म्हणाल्या, आणि गाडीकडे निघाल्या.

संध्याकाळी बाकांचा ढीग उपसून मोठ्या सरांना आतल्या दाराने बाहेर काढलं. अंगावर धूळ, केसांत जळमटं. ते टेंपो सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी बोलणारच होतो हो. पण बोललो असतो तर सगळ्यांना कळलं असतं ना, मी कुठे आहे ते. तुम्ही तरी माझ्या जागी काय केलं असतं?"

टेंपो सर घरी गेले. बायकोने दार उघडलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता अंगठ्याला हळद लावायला बसली.

मोठ्या सरांना एक वेळ माफ करू. त्यांना खुर्ची होती, ती जपायला ते भिंतीआड बसले. पण तुम्ही? तुम्हाला कुणी अडवलंय बोलायला? त्या भिंतीने एकही पाठ दिला नाही. एक पोर शिकवलं नाही. तिच्यासाठी कुणी तोंड उघडून शिफारस केली नाही. सकाळी ती नव्हती, दुपारी ती कायम झाली, आणि आता तुमच्या हुकमाशिवाय तिची एक वीट कुणाला हलवता येत नाही. माणसाला मात्र वर्षानुवर्षं उन्हात पुष्पगुच्छ धरून उभं करता, आणि संध्याकाळी सांगता, आहात तसेच. त्या भिंतीची कोणती पात्रता होती, जी या माणसात नाही? आडून आडून नको, नियम दाखवून नको. तोंडाने, तोंडावर सांगा. कोणती?